लॅबमध्ये लिनक्स टाकलं, हेडसर विचारतात: फुकट का मुक्त?

पूर्णाकाठ
नमस्कार मंडळी. वसमत तालुक्यातल्या एका शाळेत संगणक शिकवतो. लॅबमध्ये अठरा मशीन आहेत, त्यातली चौदा चालतात, तीही लाइट असली तर. विंडोज दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अकरा या मशीनवर चढत नाही. नवी मशीन मागायची तर पत्रव्यवहारातच दोन बॅचेस दहावी पास होऊन जातील. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत बसलो, चौदाच्या चौदा मशीनवर लिनक्स टाकलं. मुलांना काही फरक पडला नाही. दोन दिवसांत त्यांनी वॉलपेपर बदलले, तिसऱ्या दिवशी गेम शोधून काढले.

फरक पडला तो हेडसरांना. म्हणाले, "फुकट आहे? मग देणाऱ्याचं पोट कशावर चालतं? फुकट देणारा माणूस उद्या काहीतरी मागायला येतो." मी म्हटलं, "सर, फुकट नाही, मुक्त आहे." तर म्हणे, "म्हणजे पैसे द्यायचेत का?"

हसलो खरा, पण रात्री झोप लागेना. मी हे बसवलं ते मशीन जुनी होती आणि पैसे नव्हते म्हणून. स्वातंत्र्याचा विचार नंतर आला, तोही हेडसरांना उत्तर द्यायचं म्हणून. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ चालवणारे तर सांगतात की हे तंत्रज्ञान नाही, राजकारण आहे. तर माझा प्रश्न असा: ज्या पोराच्या घरी स्वतःचं मशीनच नाही, त्याला "सोर्स कोड (म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर) वाचायचा हक्क" सांगण्यात काही अर्थ आहे का? का हे सगळं पोट भरलेल्यांचं चाललंय?

गंपू औंढेकर
फुकट ते पौष्टिक. धागा संपला, चला घरी.

पत्रिकावाला
नांदेडात माझं डीटीपीचं दुकान आहे. पत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स. खरं सांगू का सर, आम्हाला स्वातंत्र्य वीस वर्षांपासून आहे. पन्नास रुपयाची सीडी आणायची, त्यात सगळी सॉफ्टवेअरं आणि किल्ल्या. सगळं मार्केट त्यावरच चालायचं. कोणी लायसन विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. त्यामुळं तुमची मुक्ती वगैरे ऐकून जरा हसू येतं.

शून्य ते तीन
पत्रिकावाले, चोरीची किल्ली खिशात असली म्हणून घर आपलं होत नाही. आत जाता येतं, भिंत पाडता येत नाही.

पूर्णाकाठ, राजकारण कुठून आलं ते थोडक्यात सांगतो. १९८० च्या आसपास एमआयटीच्या एआय लॅबमध्ये (आपली बीड बायपासवरची नव्हे, अमेरिकेतली) झेरॉक्स कंपनीनं एक लेझर प्रिंटर दिला. कागद अडकायचा. आधीच्या प्रिंटरला तिथल्याच रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरनं कोडमध्ये घुसून सोय करून ठेवली होती, कागद अडकला की वापरणाऱ्याला निरोप जायचा. नव्याचा कोडच कोणी देईना. ज्याच्याकडं होता तो म्हणाला, न देण्याच्या करारावर सही केलीय. स्टॉलमनला हे मशीन बिघडण्यापेक्षा वाईट वाटलं: शेजारी शेजाऱ्याला मदत नाकारतो, आणि तीही कागदावर सही करून. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यानं सगळी प्रणालीच मुक्त बनवायचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं.

चार स्वातंत्र्यं आहेत, मोजणी शून्यापासून. शून्य: कशासाठीही चालवा. एक: उघडून अभ्यास करा, बदला. दोन: वाटा. तीन: बदललेलंही वाटा. यात पैशाचा शब्द नाही. स्टॉलमन स्वतः ईमॅक्स या आपल्या मुक्त एडिटरची टेप १५० डॉलरला विकायचा. तेव्हा हेडसरांना सांगा, विकत घेतलं तरी मुक्तच राहतं.

गंपू औंढेकर
म्हणजे एवढी मोठी चळवळ प्रिंटरमध्ये कागद अडकला म्हणून? आमच्या तहसीलमध्ये रोज अडकतो, क्रांती काही होत नाही.

पत्रिकावाला
शून्य ते तीन, भिंतीचं बरोबर बोललात. मघाशी चेष्टा केली, आता खरं सांगतो.

२००५ च्या सुमारास मी एक मराठी फॉन्टचं पॅकेज घेतलं होतं. हे मात्र विकतचं, पावतीसकट. त्याच्यासोबत काडेपेटीएवढं एक लॉक मिळायचं, मशीनच्या मागं प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं. ते असलं तरच मराठी उमटायची. सहा वर्षांनी लॉक मेलं. विचारलं तर म्हणे जुनं व्हर्जन बंद झालं, नवं घ्या. नव्यात जुन्या फायली उघडेनात, मजकुराच्या जागी नुसता इंग्रजी चिन्हांचा खिचडा.

पुढच्या लग्नसराईत एक आजोबा आले. मोठ्या नातवाची पत्रिका माझ्याकडंच केली होती, आता धाकट्याची. म्हणाले, "तेच कुलदैवत, तेच आप्तेष्ट, फक्त नवरदेव बदला." मी मान खाली घालून म्हटलं, जुनी छापलेली पत्रिका असेल तर आणा. दुसऱ्या दिवशी ट्रंकेतून काढून आणली. कडेला हळदीकुंकू वाळलेलं, गणपतीच्या डोक्यावरून घडी पडून चिरलेली. ती समोर धरून मी एकशे सात नावं परत टाइप केली. पार "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" पर्यंत. मीच टाइप केलेली, माझ्याच मशीनवरची फाइल, आणि मलाच वाचता येत नव्हती. आजोबांनी जास्तीचे पैसे काढले, मी घेतले नाहीत. कशाचे घेणार?

शून्य ते तीन
हे वाचून गप्प झालो. फक्त एक सांगायला हवं. तुमच्या प्रकरणात दोन कुलपं होती. एक लायसनचं, दुसरं एन्कोडिंगचं, म्हणजे अक्षरं मशीनमध्ये कुठल्या आकड्यांनी साठवायची त्याचं. युनिकोड ही सगळ्यांची एकच पद्धत आल्यावर दुसरं निघालं. आता युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर कोणत्याही युनिकोड देवनागरी फॉन्टमध्ये उघडतो. मुक्त फॉन्टही आहेत, लोहित आहे, मुक्त आहे.

गंपू औंढेकर
मुक्त फॉन्टचं नाव मुक्त आहे का मुक्त फॉन्ट मुक्त आहे?

शून्य ते तीन
दोन्ही. आणि फुकटही आहे. झोपा आता.

सरकी
जालन्याहून. घराणं बियाण्याच्या धंद्यातलं, म्हणून हे चार हक्क वाचले तेव्हा ओळखीचे वाटले. २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा काढा, कलम ३९. शेतकऱ्यानं बी राखावं, पेरावं, परत पेरावं, शेजाऱ्याशी अदलाबदल करावी, वाटावं, विकावं. फक्त कंपनीच्या ब्रँडच्या नावानं पाकीट भरून विकू नये. जवळपास शब्दाला शब्द जुळतो. तो ब्रँडवाला भागसुद्धा. डेबियनवाल्यांना (लिनक्सचाच एक प्रकार) २००६ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरचं नाव सोडून आइसवीझल असं काहीतरी ठेवावं लागलं होतं. बी तेच, पाकीट वेगळं.

आता पूर्णाकाठ यांचा प्रश्न. माझा आजोबा ज्वारीची कणसं निवडून आढ्याला टांगायचा. त्याला कोणी स्वातंत्र्य क्रमांक एक-दोन शिकवले नव्हते. हक्क जातो तेव्हाच तो होता हे कळतं.

लातूर टू हिंजवडी
सरकी, उपमा छान आहे पण कपाशीवर येऊन अडते. बीटीला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि आपल्याकडं ती संकरित वाणातच आली. कायद्यानं तुम्ही सरकी राखून पेरू शकता, पण पुढच्या वर्षी पीक घटतं आणि झाडं एका उंचीची येत नाहीत. म्हणजे हक्क कागदावर पूर्ण, शेतात शून्य. सॉफ्टवेअरचं तेच झालंय. कोड उघडा आहे, पण तो चालतो दुसऱ्याच्या सर्व्हरवर. तुमच्या हातात फक्त खिडकी. २००७ मध्ये एजीपीएल हे लायसन काढून (सर्व्हरवर चालवलं तरी कोड द्या) हे भोक बुजवायचा प्रयत्न केला, कंपन्यांनी त्या लायसनकडं पाठच फिरवली.

मी बारा वर्षं यात आहे. माझं मत विचाराल तर चळवळ १९९८ मध्येच हरली, ज्या दिवशी "ओपन सोर्स" हा शब्द काढला. एरिक रेमंड, ब्रूस पेरेन्स वगैरे मंडळींना कळलं की "स्वातंत्र्य" म्हटलं की मॅनेजर दचकतो. मग त्यांनी तेच सामान "कमी बग, कमी खर्च" म्हणून विकलं. विकलं गेलं. लिनक्सवर धंदा करणारी रेड हॅट कंपनी २०१९ मध्ये आयबीएमनं ३४ अब्ज डॉलरला घेतली. २००१ मध्ये ज्या मायक्रोसॉफ्टचा मुख्याधिकारी लिनक्सला कॅन्सर म्हणाला होता, त्याच कंपनीनं २०१८ मध्ये गिटहब, म्हणजे जगभरचा खुला कोड ठेवायची जागा, विकत घेतलं. जगातले सगळे पहिले पाचशे सुपरकॉम्प्युटर २०१७ पासून लिनक्सवर आहेत. तंत्र जिंकलं, राजकारण हरलं. आणि मला त्यात वाईटही वाटत नाही, पगार त्यातूनच येतो.

उदगीरचा बाळू
सकाळधरनं वाचूलालोय. येवढं इंग्रजी नावं एका धाग्यात म्या पयल्यांदा बघितले. पण सरकीवाल्या भावाचं पटलं. बी आणि पोरगी घरची बघावी म्हनायची आमची आज्जी.

वेशीबाहेर
बाळू, आज्जीला माझा नमस्कार, पण पोरींना बियाण्याच्या रांगेत बसवू नका.

मी संभाजीनगरला ग्रंथपाल आहे. पूर्णाकाठ सरांचा मूळ प्रश्न सगळ्यांनी टाळलाय. "वाचायचा हक्क" आणि "वाचता येणं" यांत अंतर आहे, आणि ते अंतर आमच्या लोकांना नवं नाही. पोथी काही कुलपात नव्हती, पण ती कोणी उघडायची हे ठरलेलं होतं. हक्क कागदावर आला तरी पुढं शाळा लागली, वसतिगृह लागलं. बाबासाहेबांनी इथं १९५० मध्ये कॉलेज काढलं ते त्यासाठीच. नुसतं "ग्रंथ सर्वांना खुले आहेत" अशी पाटी लावून ते थांबले नाहीत.

फ्री सॉफ्टवेअरवाले नेमके पाटीवर थांबतात असं मला वाटतं. कोड खुला आहे, ये आणि वाच. कोण येणार? ज्याच्याकडं इंग्रजी आहे, मशीन आहे, रात्रीचे चार तास रिकामे आहेत आणि घरात स्वयंपाक दुसरं कोणीतरी करतंय. आणि नेत्यांबद्दल न बोललेलंच बरं. २०१९ मध्ये स्टॉलमनच्या वक्तव्यांवरून गदारोळ झाला, फाउंडेशनचं अध्यक्षपद सोडावं लागलं, आणि २०२१ मध्ये साहेब परत संचालक मंडळावर. कित्येक बायकांनी त्याच्या कितीतरी आधीपासून सांगितलं होतं की या खोल्यांमध्ये बसवत नाही.

तरी मी मुक्तच्या बाजूनं आहे. बंद पोथीपेक्षा उघडी बरी. फक्त तिला मुक्तिसंग्राम म्हणताना जरा दमानं घ्या.

गव्हाण
धाराशिवकडचा ऊस उत्पादक, सभासद क्रमांक सांगत नाही. लातूर टू हिंजवडी म्हणतात चळवळ हरली. मला हे सगळं सहकारासारखं दिसतं. कारखाना कोणाचा? सभासदांचा. चालवतो कोण? चेअरमन. वार्षिक सभेत मंजूर मंजूर ओरडायचं आणि लाडू घेऊन यायचं.

पण एक फरक आहे, आणि तो फार मोठा आहे. २०१० मध्ये ओपनऑफिस या मुक्त ऑफिस पॅकेजच्या लोकांना नवा मालक पटेना, त्यांची सन कंपनी ओरॅकलनं घेतली होती. तर ते बाहेर पडले आणि लिब्रेऑफिस काढलं. म्हणजे समजा सभासद चेअरमनला कंटाळून उठले, आणि जाताना मिल, बॉयलर, पार गव्हाणीसकट सगळा कारखाना उचलून नेला, तरी जुना होता तिथंच उभा! फोडा आणि दोन करा, कोणाचं काही कमी होत नाही. असं जर उसात जमलं असतं तर मराठवाड्यातलं अर्धं राजकारण बंद पडलं असतं. फाट्यावर चहा प्यायला माणूस उरला नसता.

सरकी
गव्हाण, दंडवत!

लातूर टू हिंजवडी
उपमा भारी. पण नव्या कारखान्यात रात्रपाळीला कोण? मार्च २०२४ मधलं एक्सझेडचं प्रकरण बघा. फायली दाबून लहान करणारी एक लायब्ररी, जगभर वापरात, सांभाळणारा जवळपास एकटा माणूस आणि तोही थकलेला. कोणीतरी दोन-अडीच वर्षं सज्जनासारखी मदत केली, विश्वास कमावला आणि चोरदरवाजा बसवला. सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं म्हणून. आणि हा माणूस कामाला मायक्रोसॉफ्टमध्ये.

मला सांगा, ही मुक्ती आहे का वेठबिगारी? ऊसतोड कामगाराला निदान उचल तरी मिळते.

वेशीबाहेर
उचल "मिळते" असं नसतं हो, फेडावी लागते. बीडच्या कुठल्याही तांड्यावर विचारा. बाकी मुद्दा मान्य.

शून्य ते तीन
कोड उघडा होता म्हणून अर्ध्या सेकंदाचा माग काढत त्याला मुळापर्यंत जाता आलं, हेही लक्षात घ्या. बंद असता तर "मशीन रिस्टार्ट करा" एवढंच उत्तर मिळालं असतं. पण एकट्या माणसाच्या जिवावर जग चालतं ही लाज आहेच, ती नाकारत नाही.

नाथसागर
पैठणहून. जरा विषयांतर करतो, संपादकांनी माफ करावं.

वेशीबाहेर ताईंनी पोथी काढली म्हणून आठवलं. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातानं उतरवता उतरवता पाठ बिघडले होते. नाथांनी जुन्या प्रती जमवल्या, ताडून पाहिल्या, आणि शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये शुद्ध प्रत तयार केली. आजच्या भाषेत बग काढले. आणि शेवटी ताकीद दिली की जो यात आपली ओवी घुसडेल, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. आता सांगा, नाथ मुक्तच्या बाजूचे का बंदच्या?

गंपू औंढेकर
नाथ मेंटेनर. बदलाचा अर्ज (पुल रिक्वेस्ट) नामंजूर, शेरा: नरोटी.

शून्य ते तीन
गंपू, आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही कामाचं बोललात.

नाथसागर, जीपीएल, म्हणजे स्टॉलमनचं मुक्त लायसन, नाथांच्या विरुद्ध जात नाही. तिच्यात अटच आहे, बदल केला तर ठळक लिहा की बदललंय. ओवी लिहा, पण माउलींच्या नावावर खपवू नका. आणि वाचायला, उतरवायला कोणाला बंदी असती तर नाथांना ताडायला प्रतीच मिळाल्या नसत्या.

वेशीबाहेर
कोणाला बंदी होती आणि कोणाला नव्हती, हे एवढं सोपं करू नका. पण नाथांचं उदाहरण आवडलं.

उदगीरचा बाळू
ह्ये सगळं डावं हाय का उजवं तेवढं सांगा. पार्टीत कुठं बसवायचं?

शून्य ते तीन
बाळू, हाच गोंधळ आहे. वाटून घ्या म्हणतात म्हणून डावं दिसतं. पण सगळा डोलारा उभा कॉपीराइटवर, म्हणजे मालकीच्या कायद्यावर. "मी मालक आहे, म्हणून माझी अट: पुढं देताना हेच हक्क द्या." चोराच्याच काठीनं चोराला. दुसरीकडं एरिक रेमंड पक्का बाजारवादी, बंदुका बाळगणारा. आणि स्वातंत्र्य शून्य म्हणतं की कोणालाही, कशासाठीही. तुम्हाला न आवडणारा माणूसही तेच सॉफ्टवेअर चालवणार. हे पचवणं डाव्या-उजव्या दोघांनाही जड जातं.

संपादक मंडळ
पक्षांची नावं आली की धागा वाचनमात्र होईल. आत्तापर्यंत आली नाहीत, आभार.

सरकी
वेशीबाहेर ताई मुक्तिसंग्रामाबद्दल दमानं घ्या म्हणाल्या, पण एक गंमत सांगतो. लिनक्सची ०.०१ ही पहिली आवृत्ती आली १७ सप्टेंबर १९९१ ला. आपल्या मुक्तिदिनाला. आणि जगभरचा सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन असतो सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी, २०२२ मध्ये तोही बरोबर १७ तारखेला पडला होता.

गंपू औंढेकर
निजामाच्या कोडला पॅच मारायला पोलिस ॲक्शन लागली होती, हेही लिहा.

लातूर टू हिंजवडी
त्या पहिल्या आवृत्तीच्या लायसनमध्ये पैसे घेऊन वाटायला बंदी होती बरं का. जीपीएल १९९२ मध्ये आली. म्हणजे सुरुवातीला ते खरोखर फुकट होतं आणि मुक्त नव्हतं. हेडसरांना हे सांगा, अजून गोंधळतील.

पत्रिकावाला
सर, व्यवहाराचं बोलू. मुलांना उद्या टायपिंगची परीक्षा, नोकरीचे फॉर्म सगळं विंडोजवरच. माझ्या दुकानात एका सरकारी पोर्टलचं काम येतं, डिजिटल सहीची पेनड्राइव्हसारखी काडी लावावी लागते. लिनक्सवर ती ओळखतच नाही. दोन दिवस घालवले. शेवटी एक मशीन विंडोजवर ठेवलं. सरकारच्या दारात जायला कंपनीचे बूट घालूनच जावं लागतं. केरळनं सरकारी आणि अनुदानित शाळा लिनक्सवर आणल्या, तिथं सरकार पाठीशी होतं. तुमच्या पाठीशी कोण?

पूर्णाकाठ
सगळं वाचलं, काही दोनदा. वेशीबाहेर ताईंचं पाटीवर थांबण्याचं बोलणं लागलं, कारण मी पाटीसुद्धा लावली नव्हती.

तर परवा एक प्रयोग केला. लॅबमध्ये लहान मुलांचा एक शिकवणीचा खेळ आहे, त्याचा मराठी अनुवाद कोणीतरी घाईत केलेला. आठवीतली एक मुलगी रोज तक्रार करायची की सर, यात "दऱ्या" ला "दर्या" लिहिलंय, डोंगराच्या चित्राखाली समुद्र आलाय. तिला अनुवादाची फाइल उघडून दाखवली. साधा मजकूर, एका ओळीत इंग्रजी, खालच्या ओळीत मराठी. तिनं ती ओळ शोधली. नुक्त्याचा ऱ कुठल्या बटणावर आहे यासाठी आम्ही दोघांनी दहा मिनिटं कीबोर्ड चाचपला. मग दुरुस्त करून सेव्ह केलं, खेळ परत चालू केला. तिनं मागं वळून विचारलं, "सर, हे चालतं का आपण बदललेलं?" मी म्हटलं, चालतं. मग तिनं खाली स्क्रोल करून आणखी सात चुका काढल्या. आता बाकीची पोरं ते सोडून चुकाच शोधत बसलीत, अभ्यास राहिला बाजूला. दुरुस्त्या मूळ लोकांना पाठवल्यात, अजून उत्तर नाही.

हेडसरांना तिच्याच मशीनवर नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, "दऱ्या" वर बोट ठेवलं. "बरोबर केलंय," म्हणाले. मग म्हणाले, "ते ठीक आहे, याची एक प्रिंट काढा, फाइलला लावतो."

आणि इथं गाडी अडली. चौदा मशीन चालतात, नेट चालतं, प्रोजेक्टर चालतो. प्रिंटर चालत नाही. कंपनीनं लिनक्ससाठी ड्रायव्हर (प्रिंटरशी बोलणारा प्रोग्राम) दिलेला नाही आणि कसा लिहायचा ते सांगितलेलंही नाही. शून्य ते तीन, तुमची १९८० ची गोष्ट वाचताना मला वाटलं होतं जुनं काहीतरी सांगताय.

गंपू औंढेकर
सर, क्रांतीला लागा!

शून्य ते तीन
प्रिंटरचं मॉडेल नंबर मागच्या बाजूला स्टिकरवर असेल, फोटो काढून टाका. पुष्कळदा त्याच घराण्यातल्या दुसऱ्या मॉडेलचा मुक्त ड्रायव्हर चालून जातो. मी परभणीलाच आहे, शनिवारी सकाळच्या शाळेनंतर येतो.

पत्रिकावाला
मी पण येतो. दुकानात दोन जुने प्रिंटर पडलेत, त्यातला एक लिनक्सवर चालायचा. तो घेऊन येतो. लाइट असते ना शनिवारी?

पूर्णाकाठ
दोनपर्यंत असते.